अवयवदानाचं कार्ड पाकिटात आहे. आता घरच्यांनी काय करायचं?

२०२३ साली संपूर्ण भारतात मृत्यूनंतर अवयवदान झालेल्या व्यक्ती होत्या १,०९९. त्याच वर्षी देशात १८,३७८ प्रत्यारोपणं झाली. म्हणजे बहुतेक अवयव जिवंत माणसांनी दिले. आईने मूत्रपिंड दिलं, बायकोने यकृताचा भाग दिला. दर दहा लाख लोकसंख्येमागे आपल्याकडे एकही मृत दाता होत नाही; स्पेनमध्ये हा आकडा चाळीसच्या वर आहे. जिवंत माणूस हृदय देऊ शकत नाही, त्यामुळे हृदयाच्या प्रतीक्षायादीतल्या रुग्णाला या १,०९९ सारख्या आकड्याकडेच डोळे लावून बसावं लागतं.

शपथ घेणारे कमी नाहीत. अडतं ते शेवटच्या काही तासांत, आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर. तिथे कार्डाचा मालक बोलू शकत नाही आणि निर्णय घरच्यांना घ्यावा लागतो. म्हणून पुढची माहिती कार्ड काढणाऱ्यापेक्षा त्याच्या घरच्यांनी वाचावी.

आधी एक मूलभूत फरक. घरी किंवा वॉर्डात हृदय थांबून मृत्यू आला, तर आपल्याकडे सहसा डोळे, त्वचा अशा ऊतींचंच दान होतं. हृदय, फुप्फुसं, यकृत, मूत्रपिंडं, स्वादुपिंड आणि आतडं देता येतं ते माणूस आयसीयूत, व्हेंटिलेटरवर असताना मेंदूमृत झाला तर. असे मृत्यू मुळातच थोडे असतात: डोक्याला मार लागलेले अपघातग्रस्त, मेंदूत रक्तस्राव झालेले, क्वचित मेंदूच्या गाठीचे रुग्ण. त्यामुळे इच्छा असूनही अनेकांना अवयवदान करताच येत नाही. त्यात कोणाची चूक नसते.

नोंदणी

सोपा मार्ग म्हणजे नोटो या राष्ट्रीय संस्थेच्या संकेतस्थळावरची नोंदणी. आधार क्रमांक लागतो, आणि त्याला जोडलेला मोबाइल हाताशी हवा कारण ओटीपी त्यावर येतो. पुढे कोणते अवयव आणि ऊती द्यायच्या ते निवडायचं, संपर्कासाठी घरच्या माणसाचं नाव आणि फोन भरायचा आणि कार्ड उतरवून घ्यायचं. वय १८ पूर्ण हवं. मन बदललं तर शपथ मागे घेता येते. संपर्काच्या रकान्यात रात्री दोन वाजता फोन उचलेल अशाच माणसाचा नंबर घाला. ऑनलाइन जमत नसेल तर अवयव प्रत्यारोपण कायद्याच्या २०१४ च्या नियमांतला नमुना ७ कागदावर भरता येतो. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात आणि त्यांतला एक जवळचा नातेवाईक असावा लागतो. ही अट त्रासदायक वाटते, पण खरा फायदा तिचाच आहे: निदान एका नातेवाइकाला तरी ठाऊक असतं. वाहन परवान्याच्या अर्जातही अवयवदानाचा प्रश्न असतो. तिथे खूण केली म्हणजे काम झालं असं समजू नका. तो परवाना कोणी आयसीयूत घेऊन येत नाही.

नोटोचा मोफत मदत क्रमांक १८००-११-४७७० आहे. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर (विदर्भ) आणि छत्रपती संभाजीनगर (मराठवाडा) इथे विभागीय प्रत्यारोपण समन्वय समित्या आहेत. बोलताना सगळे ‘झेडटीसीसी’ म्हणतात. राज्य आणि पश्चिम विभागाचं कार्यालय मुंबईच्या केईएम रुग्णालयात आहे. गोव्यासाठी ‘सोटो’चं, म्हणजे राज्य पातळीवरच्या अवयवदान संस्थेचं काम बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातून चालतं. आपल्या विभागाच्या समितीचा नंबर आजच फोनमध्ये साठवून ठेवा.

घरात नेमकं काय बोलायचं

“मी अवयवदानाचा अर्ज भरलाय” एवढं पुरत नाही. घरच्यांना चार गोष्टी माहीत हव्यात. तुमची इच्छा पक्की आहे. कोणते अवयव द्यायचे, आणि एखादा द्यायचा नसेल तर तो कोणता. घरात शेवटचा शब्द कोणाचा. आणि मेंदूमृत्यू म्हणजे काय. चौथी गोष्ट लोक टाळतात, आणि आयसीयूत तिच्यावाचूनच घोटाळा होतो.

संमती जवळच्या नातेवाइकाने द्यायची असते. कायद्याने जवळचे म्हणजे पती किंवा पत्नी, मुलगा, मुलगी, आई, वडील, भाऊ, बहीण, आजी-आजोबा आणि नातवंडं. मृत व्यक्ती अल्पवयीन असेल तर आई किंवा वडिलांपैकी एकाची सही लागते. कागदावर एका सहीने भागतं, पण घरातला एक जण जरी ठाम विरोधात असला तरी डॉक्टर सहसा पुढे जात नाहीत. पत्नी तयार आहे आणि गावाहून निघालेले थोरले काका “मी येईपर्यंत कशाला हात लावू नका” म्हणताहेत, हा प्रसंग समन्वयकांच्या, म्हणजे रुग्णालयात अवयवदानाचं काम पाहणाऱ्यांच्या, चांगल्याच परिचयाचा असतो. म्हणून घरात ज्यांचं ऐकलं जातं, त्या काका-मामांपर्यंत इच्छा आधीच पोचवा. भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकलेले दोन ओळींचे शब्दही पुढे कामाला येतात.

विधींची शंका हमखास निघते. शरीर व्यवस्थित शिवून परत मिळतं. अंघोळ, अंत्यदर्शन, दहन किंवा दफन नेहमीसारखं होतं. “पुढच्या जन्मी आंधळा जन्मेल” असं म्हणणाऱ्या आजीशी त्या रात्री वाद घालून काही निष्पन्न होत नाही. हे बोलणं चहा पिताना, सगळे धडधाकट असताना झालेलं बरं.

आयसीयूत: मेंदूमृत्यू कसा ठरतो

कोमा आणि मेंदूमृत्यू वेगळे. कोमातल्या माणसाचा मेंदूस्तंभ, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणारा खालचा भाग, काम करत असतो. तो बरा होऊ शकतो, निदान तशी शक्यता असते. मेंदूस्तंभ कायमचा थांबला की श्वास घेण्याची यंत्रणाच संपते. छाती हलते ती व्हेंटिलेटरमुळे. हृदयाला ठोक्याची स्वतःची व्यवस्था असते, प्राणवायू मिळतोय तोवर ते चालत राहतं. म्हणून अंग गरम लागतं, मॉनिटरवर रेघ नाचते, लघवी होते. मृत्यू झालाय हे डोळ्यांना पटत नाही, आणि ते स्वाभाविक आहे.

चाचण्या सुरू करण्याआधी डॉक्टरांना काही गोष्टी पाहाव्याच लागतात: मेंदूला इजा कशाने झाली ते माहीत आहे ना, झोपेची किंवा स्नायू शिथिल करणारी औषधं अंगात नाहीत ना, शरीर फार थंड पडलेलं नाही ना, रक्तातली साखर आणि क्षार फार बिघडलेले नाहीत ना. भुलीचं औषध चालू असेल तर ते उतरेपर्यंत थांबावं लागतं. तुम्ही हे प्रश्न विचारू शकता आणि विचारावेत.

चाचण्या मेंदूस्तंभाच्या प्रतिक्षिप्त क्रियांच्या असतात. डोळ्यांत उजेड टाकल्यावर बाहुल्या आकसतात का? बुब्बुळाला कापूस लावल्यावर पापणी मिटते का? कानात बर्फाचं पाणी सोडल्यावर डोळे हलतात का? भुवईवर दाबलं तर चेहरा आवळतो का? नळीतून कफ ओढताना खोकला येतो का? शेवटी श्वास थांबण्याची चाचणी. आधी शंभर टक्के प्राणवायू देतात, मग व्हेंटिलेटर काढून श्वासनळीत नळीने प्राणवायू सोडत ठेवतात आणि साधारण ८ ते १० मिनिटं छाती-पोटाकडे पाहतात. रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब ६० मिमी पारा किंवा त्याहून वर गेला आणि तरीही माणसाने एकदाही श्वास घेतला नाही, तर चाचणी पूर्ण झाली. हा दाब वाढणं म्हणजे मेंदूला श्वास घे असं सांगणारा सर्वांत जोरदार इशारा. मध्येच रक्तदाब कोसळला तर चाचणी थांबवतात आणि स्थिती सावरल्यावर पुन्हा घेतात.

हा सगळा संच दोनदा होतो आणि दोन्हींत किमान ६ तासांचं अंतर असतं. लहान बाळांत अंतर जास्त ठेवतात. प्रमाणपत्रावर, म्हणजे नमुना १० वर, चार डॉक्टरांच्या सह्या लागतात: रुग्णालयाचे प्रमुख किंवा त्यांच्या वतीचे डॉक्टर, शासनमान्य यादीतले तज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मेंदूशल्यचिकित्सक (ते नसतील तर नियमात बसणारे दुसरे तज्ज्ञ), आणि उपचार करणारे डॉक्टर. प्रत्यारोपण करणाऱ्या पथकातला डॉक्टर यांत असू शकत नाही. “अवयवांसाठी लवकर मृत घोषित केलं” हा संशय वारंवार कानावर येतो. त्याला कायद्याने घातलेला हा बांध आहे.

घरच्यांना सर्वांत घाबरवणारी गोष्ट म्हणजे हालचाल. मेंदूमृत माणसाचा हात उचलला जाऊ शकतो, बोटं किंवा पाय हलू शकतात. हे पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूचे प्रतिसाद आहेत, मेंदूचे नाहीत, आणि डॉक्टरांना ते अपेक्षित असतात. आधी सांगितलं नसेल तर “तो हलला, तुम्ही खोटं बोलताय” इथपर्यंत गोष्ट जाते आणि संमती मोडते. असं काही दिसलं तर लगेच डॉक्टरांना बोलावून त्यांच्यासमोर शंका मिटवा.

कोण विचारतं, कोणी विचारलंच नाही तर

अवयव प्रत्यारोपण कायद्यातल्या २०११ च्या दुरुस्तीनंतर आयसीयूतल्या डॉक्टरांनी समन्वयकाच्या मदतीने नातेवाइकांना अवयवदानाबद्दल विचारणं हे कर्तव्य आहे. प्रत्यक्षात काही ठिकाणी कोणी विचारत नाही. कधी डॉक्टरांना घरच्यांच्या रागाची भीती वाटते, कधी चाचण्यांसाठी माणसं जमवता येत नाहीत, कधी रुग्णालयाची अवयव काढण्यासाठी नोंदणीच नसते. आमच्या मते आपल्याकडच्या तुटवड्याचं मोठं कारण नातेवाइकांच्या नकाराइतकंच हे आहे: मेंदूमृत्यू वेळेत ओळखला आणि जाहीरच केला जात नाही.

म्हणून “आता काही करण्यासारखं नाही” असं सांगितलं गेलं, की तुम्हीच विचारा: “मेंदूमृत्यूच्या चाचण्या करणार का? आमची अवयवदानाची तयारी आहे. समन्वयकांना बोलवा.” उत्तर टाळाटाळीचं आलं तर विभागीय समितीला थेट फोन लावा. रुग्णालय नोंदणीकृत नसलं तर पुढची वाट समिती सांगते. कधी रुग्णाला दुसऱ्या रुग्णालयात हलवावं लागतं आणि त्या प्रवासात हृदय थांबण्याचा धोका असतो. त्यामुळे फोन जितका लवकर, तितकं चांगलं.

संमती नमुना ८ वर घेतात. सही करण्यापूर्वी कोणते अवयव द्यायचे यावर स्वच्छ खुणा करा. सगळंच द्यावं असा आग्रह कोणी धरू शकत नाही, आणि शस्त्रक्रिया सुरू होईपर्यंत नकारही देता येतो. अवयव कोणाला मिळावा हे कुटुंब ठरवू शकत नाही आणि रुग्णाचं नावही सांगितलं जात नाही. वाटप रक्तगट, प्रतीक्षायादी आणि तातडीनुसार समिती करते. पैसे मागणं, देणं किंवा घेणं हा गुन्हा आहे. शिक्षा ५ ते १० वर्षं कैद आणि २० लाख ते १ कोटी रुपये दंड.

बिलाबद्दल संकोच न करता विचारा. मेंदूमृत्यू जाहीर झाल्यानंतर अवयव टिकवण्याचा, काढण्याचा आणि नेण्याचा खर्च दात्याच्या कुटुंबावर टाकता येत नाही, असं २०१४ चे नियम सांगतात. त्याआधीच्या उपचारांचं बिल मात्र कुटुंबाचंच असतं. कोणत्या तारखेपासून आणि वेळेपासून खर्च थांबतो हे लिहून घ्या. हिशेब चुकतो तो इथेच.

संमतीनंतरचे तास

इथून मृतदेह हाती येईपर्यंत बहुतेक वेळा १२ ते २४ तास जातात. काका विचारतात, “सही केली, मग अडलंय कुठे?” अडलेलं काही नसतं. एचआयव्ही, कावीळ ब आणि क यांच्या तपासण्या चालू असतात. मूत्रपिंडासाठी ऊतींची जुळणी करायला काही तास लागतात. समिती यादीतल्या रुग्णालयांना विचारत असते, आणि वेगवेगळ्या अवयवांची पथकं वेगवेगळ्या गावांहून येत असतात.

दरम्यान आयसीयूत धावपळ असते, कारण मेंदू गेल्यावर शरीर झपाट्याने कोलमडतं. रक्तदाब पडतो. लघवी अडवणारं संप्रेरक बंद झाल्यामुळे काही तासांत लिटरच्या लिटर लघवी जाते आणि रक्तातलं सोडियम चढतं. अंग थंड पडतं. डॉक्टर ‘शंभराचा नियम’ पाळायचा प्रयत्न करतात: वरचा रक्तदाब १०० च्या वर, लघवी ताशी १०० मिलि, रक्तातल्या प्राणवायूचा दाब १०० च्या वर आणि हिमोग्लोबिन लिटरला १०० ग्रॅम. हे सांभाळताना हृदय बंद पडलं तर अनेकदा सगळंच हुकतं आणि डोळे-त्वचेवर समाधान मानावं लागतं. संमतीला लागलेल्या उशिराची किंमत ही.

अवयव काढल्यावर बर्फात हृदय साधारण ४ तास टिकतं, फुप्फुसं ६, यकृत १२ आणि मूत्रपिंडं २४ तास किंवा थोडी अधिक. ग्रीन कॉरिडॉर, म्हणजे रुग्णवाहिकेसाठी मोकळा करून दिलेला रस्ता, लागतो तो यासाठी. ३ ऑगस्ट २०१५ रोजी पुण्याचं हृदय मुलुंडला पोचलं ते असंच. मूत्रपिंडाला इतकी घाई नसते.

शस्त्रक्रियेला नेण्याआधी भेटायचं असेल, हातात हात घ्यायचा असेल, तुळशीपत्र ठेवायचं असेल तर तसं समन्वयकाला सांगा. तेवढा वेळ निघतो.

आणि नकार दिला तर? तो तुमचा हक्क आहे, कोणीही दोष देऊ नये. फक्त एक अडचण आधीच ओळखून ठेवा: अवयवदान नसताना मेंदूमृत माणसाचा व्हेंटिलेटर काढण्याबाबत रुग्णालयं वेगवेगळी वागतात. पुढे काय होणार आणि बिल किती दिवस चालणार, हे डॉक्टरांकडून त्याच वेळी स्पष्ट करून घ्या.

अपघाताची केस असेल तर

अपघात, पडणं, आत्महत्या, मारहाण या सगळ्यांत पोलीस येतात. अवयवदान तरीही होतं, पण पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांची संमती लागते, कारण पुरावा नष्ट होता कामा नये. अपघात एका पोलीस ठाण्याच्या हद्दीत आणि रुग्णालय दुसऱ्या हद्दीत असलं की कागद फिरत राहतात. घरातला एक माणूस फक्त या कामाला लावा. त्याच्याकडे पहिल्या पोलीस नोंदीची प्रत, रुग्णाचं आणि सही करणाऱ्याचं ओळखपत्र, आणि दोघांचं नातं दाखवणारा कागद असू द्या. शवविच्छेदन अवयव काढतानाच किंवा लगेच नंतर करून घेता येतं. सूर्यास्तानंतर शवविच्छेदन नाही ही जुनी अडचण केंद्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये दूर केली. अवयवदानासाठी ते रात्रीही करता येतं, मात्र खून, आत्महत्या, बलात्कार किंवा संशयास्पद मृत्यूची प्रकरणं सहसा वगळून. रात्री कोणी “सकाळी बघू” म्हणालं तर समन्वयकाला मध्ये घ्या.

घरी मृत्यू झाला तर: डोळे आणि त्वचा

डोळे मृत्यूनंतर ६ तासांच्या आत काढावे लागतात, उन्हाळ्यात शक्यतो त्याहून लवकर. पापण्या मिटवून त्यावर स्वच्छ पाण्यात भिजवलेला कापूस ठेवा. डोक्याखाली उशी देऊन डोकं थोडं उंच करा, म्हणजे रक्तस्राव कमी होतो. पंखा बंद करा. बुब्बुळ वाळलं की निकामी होतं. एसी असेल तर तो चालू ठेवा. मग नेत्रपेढीला फोन करा, आणि तोवर एकाने डॉक्टरांकडून मृत्यूचा दाखला आणावा. दाखल्याशिवाय पथक हात लावत नाही आणि बहुतेक उशीर त्यापायीच होतो. येणारं पथक दोन साक्षीदारांसमोर संमती घेतं, रक्ताचा नमुना घेतं आणि १५ ते २० मिनिटांत काम संपवतं. चेहरा विद्रूप दिसत नाही.

चष्मा, मोतीबिंदूचं ऑपरेशन, मधुमेह, रक्तदाब यांनी नेत्रदान अडत नाही. रेबीज, एचआयव्ही, कावीळ ब किंवा क, रक्ताचा कर्करोग, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग असेल तर अडतं. हे लपवू नका.

त्वचादान फार कमी लोकांना ठाऊक आहे, आणि गंभीर भाजलेल्यांसाठी ते जीव वाचवणारं आहे. मांड्या आणि पाठीवरचा फक्त वरचा पातळ थर काढतात, पट्टी बांधून देतात. रक्तगट जुळावा लागत नाही. इथेही ६ तासांचा हिशेब धरा. मुंबईत शीव रुग्णालयात आणि नवी मुंबईत ऐरोलीच्या राष्ट्रीय बर्न्स सेंटरमध्ये त्वचापेढी आहे. ग्लिसरॉलमध्ये, थंड तापमानात ही त्वचा काही वर्षं टिकते, त्यामुळे ती वाया जात नाही.

देहदान ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे: शरीर वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाला शिकवण्यासाठी जातं. नेत्रदान करून देहदान करता येतं. अवयव काढलेला किंवा शवविच्छेदन झालेला देह मात्र सहसा स्वीकारत नाहीत. देहदानाचा अर्ज भरलेल्यांनी घरी सांगून ठेवावं: मेंदूमृत्यू आला तर अवयव आधी, देहदान नाही.

नंतरचे कागद

मेंदूमृत व्यक्तीच्या मृत्यूची वेळ म्हणून दुसऱ्या संचाच्या चाचण्या पूर्ण झाल्याची वेळ धरली जाते, मृतदेह हाती आल्याची नाही. दोन्हींत एक दिवसाचं अंतर पडू शकतं. रुग्णालयाचा कागद, शवविच्छेदन अहवाल आणि नगरपालिकेचा दाखला यांवर तारीख एकच आहे ना, हे रुग्णालय सोडण्याआधी तपासा. विम्याचा दावा या तफावतीवरून अडकतो आणि नंतर दुरुस्तीसाठी खेटे घालावे लागतात. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते. नमुना ८ आणि नमुना १० च्या प्रती मागून घ्या, आणि अपघाताची केस असेल तर शवविच्छेदन अहवालाची प्रतसुद्धा.